ना गाय, ना घोडा

चिनी लोक या हरणाला मिलू म्हणतात. त्याचं दुसरं नाव सिबुश्यांग, म्हणजे चौघांपैकी एकासारखंही नसलेलं. खूर गाईचे पण गाय नाही, तोंड घोड्याचं पण घोडा नाही, शेपूट गाढवाची, शिंगं हरणाची. मला हे नाव फार आवडतं. इंग्रजीत मात्र ते ‘पेर डेव्हिड्स डिअर’ झालं, भिंतीपलीकडून डोकावणाऱ्या एका फ्रेंच पाद्र्याच्या नावाने.

ती भिंत बीजिंगच्या दक्षिणेला होती, नान्हायझी या शाही शिकारबागेची. मिलू मुळात दलदलीतलं जनावर, चिखलात रुतू नये असे पसरट खूर असलेलं. नद्यांकाठच्या पाणथळ जमिनी शेतीखाली गेल्या, शिकार होत राहिली आणि मोकळा मिलू संपला. उरला तो बादशहाच्या बागेत, तोही शिकारीसाठी राखलेला.

पाद्री आर्मां दाविद यांनी १८६५ मध्ये त्याला पाहिलं. (पुढे पांडाची ओळख पाश्चात्त्य जगाला करून दिली तीही यांनीच.) आत जायला बंदी होती, म्हणून त्यांनी पहारेकऱ्यांना लाच देऊन कातडी मिळवली. १८६६ मध्ये पॅरिसमध्ये त्यावरून नवी प्रजाती जाहीर झाली. मग काही जिवंत हरणं युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत पोचली.

१८९० च्या दशकात योंगडिंग नदीला पूर आला आणि बागेची भिंत फुटली. बाहेर पडलेली हरणं दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी मारून खाल्ली. मी त्यांना दोष देणार नाही; घरात दाणा नसताना दारात हरीण आलं तर कोण प्रजाती मोजत बसेल? उरलेली हरणं १९०० मध्ये, बॉक्सर बंड मोडायला आलेल्या परदेशी फौजांच्या काळात संपली. त्या फौजांत इंग्रजांनी नेलेले हिंदी शिपाईही होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

इकडे इंग्लंडमध्ये बेडफर्डचे अकरावे ड्यूक, हरब्रँड रसेल, ठिकठिकाणची हरणं वोबर्न ॲबीच्या आपल्या बागेत जमवत होते. जमली १८, आणि त्यांतल्या सगळ्यांना पिल्लंही झाली नाहीत. आज जगात जेवढे मिलू आहेत ते सगळे या मूठभरांचे वंशज. याच ड्यूकनी अमेरिकेतली करडी खारही हौसेने सोडली, वाटली, आणि तिने तिथल्या तांबड्या खारीला हुसकावलं. म्हणून त्यांना नुसतं ‘तारणहार’ म्हणताना माझी जीभ अडखळते. मोठी जागा, अमाप पैसा आणि जनावरांचा शौक. एकदा त्यातून प्रजाती वाचली, एकदा दुसरीवर संकट आलं.

पहिल्या महायुद्धात चाऱ्याची टंचाई झाली आणि वोबर्नचा कळप घटला. दुसऱ्या महायुद्धाने धोका आणखी स्पष्ट केला: सगळे मिलू एकाच बागेत, एखादी साथ किंवा एखादा बॉम्ब पुरेसा होता. मग हरणं इतर प्राणिसंग्रहालयांत पाठवली गेली.

१९८५ मध्ये ड्यूकच्या पणतूने २० मिलू चीनला दिले. ते उतरले पुन्हा नान्हायझीतच. पुढच्या वर्षी आणखी ३९ समुद्रकाठच्या दाफेंगला गेले. काही नंतर यांगत्सेकाठच्या शिशौला सोडले गेले, कुंपणातच.

१९९८ मध्ये यांगत्सेला प्रचंड पूर आला आणि शिशौचं कुंपण पाण्याखाली गेलं. काही मिलू पोहत बाहेर पडले. या वेळी बाहेर त्यांना खाणारं कुणी नव्हतं. त्यांची पिल्लावळ आज दोंगतिंग सरोवराच्या दलदलीत हिंडते आहे.