साठ हजार ओळी आणि मायचं नाव

पोस्ट जरा तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय थेट कोर्टापर्यंत जातो.

मागच्या हंगामात सोयाबीन नुकसानीच्या अर्जांची यादी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा मिळून साठेक हजार ओळी. कित्येक अर्ज दोन-तीनदा आलेले. मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक ओळीचा सीआरसी-३२ ठसा काढायचा आणि ठसा जुळला की दुसरी ओळ उडवायची. काम चुटकीसरशी झालं. मी खूश.

मग मानोऱ्याकडून एका पोराचा फोन आला, "दादा, माझ्या मायचं नाव कुठं गेलं?" शोधलं तर तिची ओळ आणि रिसोडच्या एका शेतकऱ्याची ओळ, दोन्ही पूर्ण वेगळ्या, पण ठसा एकच! मुदत संपायला दोनच दिवस होते. नाव परत घातलं. चूक माझीच होती.

ही चूक समजायला थोडा इतिहास बघावा लागतो. १९५३ च्या जानेवारीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एक कल्पना मांडली. नोंद शोधायला सगळी यादी चाळायची नाही. नोंदीवरूनच एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात ती ठेवायची. रेकॉर्ड रूममध्ये गावाचा बस्ता काढतो तसंच. पण बस्ता हातात आला म्हणजे कागद सापडला असं नाही, आत बघावं लागतंच. पर्लमध्ये आणि रुबीमध्ये याला सरळ 'हॅश' म्हणतात, पायथनमध्ये 'डिक्शनरी'. आतली युक्ती तीच.

मी आत बघितलंच नाही. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी ठसे बसतात, साठ हजारांना भरपूर वाटतात. पण इथे प्रत्येक ओळ बाकी सगळ्या ओळींशी टकरू शकते. साठ हजार ओळींत निदान एक टक्कर व्हायची शक्यता तीनात एक! २०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. तेवढ्या नोंदी टाकल्या तर १६०च्या वर जोड्या टकरतील. ६४ बिट घेतले तर मात्र शक्यता अडीच कोटीत एक.

म्हणून वेगवान हॅश वाईट असं नाही. यान कोले यांचं एक्सएक्सहॅश २०१२ चं. २०२१ च्या पीएचपी ८.१ मध्ये ते आणि मर्मरहॅश दोन्ही आले. दुबार फाइल शोधायला उत्तम, फक्त ठसा जुळल्यावर मूळ ओळ ताडून बघायची.

पण समोरचा मुद्दाम खोडी काढणारा असेल तर? २००३ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या क्रॉस्बी आणि वॉलक यांनी दाखवलं, की एकाच कप्प्यात जाणाऱ्या नोंदी मुद्दाम पाठवून सर्व्हर लोळवता येतो. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत हाच प्रकार पीएचपी, पायथन, रुबीवर करून दाखवला, तेव्हा सगळे हलले. पायथनने ३.३ पासून प्रत्येक वेळी वेगळी गुप्त किल्ली लावली, ३.४ मध्ये सिपहॅश आणलं. म्हणूनच पायथनच्या hash() चा आकडा, म्हणजे हॅश फंक्शनचं उत्तर, डेटाबेसमध्ये साठवू नका. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की तो बदलतो.

आता कोर्टाचं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मोबाईलमधला व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. नमुन्यात शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय आहेत. एमडी५ मूळचं सुरक्षेसाठीच बनलं होतं, पण वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ ठसा २००४ मध्येच करून दाखवला गेला. शा-१ चं तेच २०१७ मध्ये झालं.

म्हणजे ज्याच्यावर कुणाची जमीन किंवा कुणाची सुटका ठरेल, तिथे मोडलेलं कुलूप अजून फॉर्मवर आहे. तुम्ही भरत असाल तर शा-२५६ वर खूण करा, वकिलाला सांगा.

माझी चूक एका फोनने सुटली. कोर्टातली चूक कोणाच्या फोनने सुटणार?

यादी बनवणारे, ऑपरेटर, वकील, तुमच्याकडे काय चालतं? कमेंटमध्ये सांगा.