उतरलेला स्वर

मराठी व्यवहारात ‘उतरणे’ या शब्दाचा रंग एकच नाही. ताप उतरला म्हणजे घरास हायसे वाटते. मुलाचा चेहरा उतरला की तेच घर काळजीत पडते. धान्याचे भाव उतरले तर गृहिणीस आनंद आणि अडत्यास दुःख. तेव्हा कमी होणे इष्ट की अनिष्ट, हे काय उतरले व कोणाच्या दृष्टीने उतरले यावर अवलंबून असते.

संगीतातही तसेच आहे. मैफल चालू असता तंबोऱ्याची तार उतरली तर तो दोष होय. खुंटी पिळून ती तत्काळ चढवावी लागते. परंतु गवई ज्यास ‘उतरा गंधार’ म्हणतात तो दोष नव्हे. तो कोमल गंधार. त्यावाचून काफी किंवा बागेश्री यांचे रूपच उभे राहत नाही. मात्र शास्त्रग्रंथांनी अशा स्वरांस ‘विकृत’ ही संज्ञा दिल्यामुळे, शुद्ध तो अस्सल आणि कोमल तो काही गमावलेला, असा समज सहज होतो. इतिहास पाहता हा समज टिकत नाही.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात सप्तकाच्या २२ श्रुती मानल्या असून शुद्ध गंधार षड्जापासून पाचव्या श्रुतीवर आहे. ही जागा साधारणतः आजच्या कोमल गंधाराची! उलट, आजच्या शुद्ध गंधाराच्या जागी त्या ग्रंथात ‘अंतर गंधार’ हा दोन श्रुती चढविलेला विकृत स्वर आढळतो.

पुढे उत्तर हिंदुस्थानात मापच बदलले. पाटण्याच्या महंमद रझा यांनी १८१३ च्या ‘नगमाते आसफी’त बिलावलाचे स्वर शुद्ध मानले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हेच माप स्वीकारून ७ शुद्ध, ४ कोमल व १ तीव्र अशी १२ स्वरांची व्यवस्था रूढ केली आणि आपल्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ दिली. दक्षिणेत मात्र उत्तरेचा कोमल ऋषभ आजही ‘शुद्ध ऋषभ’ याच नावाने ओळखला जातो.

तेव्हा ती आडवी रेघ स्वराची जागा दाखविते, योग्यता नव्हे. ज्या गंधारास आज उतरलेला म्हणतात, तोच देवगिरीच्या ग्रंथात शुद्धाच्या आसनावर बसलेला आहे.