पंख मिटलेलं विमान

काकांची पत्र्याची पेटी उघडा. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. निम्मा रंग उडालाय. आत डांबरगोळ्यांचा वास, रुंद पांढरा पट्टा आणि काळ्या कागदांचा अल्बम. परभणीतल्या या माळवदाच्या घरात तुम्ही लहानपणापासून एकच ऐकलंय: धाकटे काका नेव्हीत विमान चालवायचे. सोयऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य हमखास यायचं आणि पाहुणे जरा सावरून बसायचे.

चौथ्या पानावरचा फोटो उलटा करा. मागे वडिलांचं अक्षर: 'अपघातानंतर'. विमानाचे दोन्ही पंख मधूनच वर दुमडलेत, म्हणून घरच्यांनी ते मोडलं असं धरलं. पुन्हा बघा. एकही ओरखडा नाही. विमानवाहू जहाजावर जागा इतकी तोकडी की विमानांना पंख मिटूनच उभं राहावं लागतं. नाकावर पंखा आहे, म्हणजे हे आलिझे: फ्रान्सहून आणलेलं, तिघांना घेऊन पाणबुड्या हुडकणारं.

काका चाकाशी उभे आहेत. हातात दोरी बांधलेला लाकडी ठोकळा. पायलटच्या हाती कशाला येईल हो असला ठोकळा?

नजर त्या ठोकळ्यावरच ठेवा. दोरी ओली आहे, मिठानं ताठरलेली. पायाखालचं पोलाद थरथरतंय. तारीख ४ डिसेंबर १९७१, युद्ध पेटलेलं, सकाळी अकराचा सुमार, बंगालचा उपसागर. तुम्ही विमानवाहू विक्रांतच्या डेकवर आहात.

परभणीकराला पाणी म्हणजे गंगाखेडची गंगा, फार तर येलदरीचं धरण. इथं काठच नाही. घरी माहीत आहे तो पत्ता म्हणजे जहाजाचं नाव आणि 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. त्यामुळे आजीच्या मते तिचा मुलगा मुंबईत आहे.

काका तुम्हाला ओळखत नाहीत. बाविशीचं पोरगं, तुमच्या मुलापेक्षा लहान. त्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. तो वाकून पुढं सरकतो, तुम्हीही सरका. आत्ता आलिझे नाही, पांढऱ्या वाघांच्या ३०० स्क्वाड्रनचं सी हॉक कॅटापल्टवर आलंय. या जेटचं तोंड नाकावर नसून पंखांच्या मुळाशी आहे, दोन्हीकडं. तिथून हवा ओढली जाते आणि पंखांमागून, धडाच्या दोन्ही अंगांनी, आग बाहेर पडते. मधल्या बोळकांडीत पोटाखाली शिरून पोलादी दोराची कडी अडकवायची. दोराचं दुसरं टोक डेकच्या खाचेतल्या सरकत्या हुकाला. खाचेतून वाफ फुसफुसतेय. आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो.

आणि वाफेचीच तर ओढाताण आहे. चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला. वाफ कमी म्हणून जहाजाचा वेग कमी, वेग कमी म्हणून डेकवर समोरून येणारा वारा कमी. आणि वारा कमी पडला की उडणाऱ्या विमानाला तेवढा आधार कमी. हा हिशेब वर ब्रिजवर चालतो. खाली काका कडी ओढून बघतो. एकदा. परत एकदा. बाजूला होतो, गुडघ्यावर बसतो, अंगठा वर करतो.

धक्का. डेकवर नुसती वाफ उरते. विमान कडेवरून जरासं खाली दबतं, मग उचलतं आणि कॉक्स बझारकडं वळतं. काका तिकडं बघतसुद्धा नाही. पिवळ्या जर्सीवाल्यानं पुढचं विमान आणायला हात हलवलाय.

ही विक्रांत १९९७ ला निवृत्त होईल, २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याला तुटायला जाईल. तिच्या पोलादातलं थोडं वितळून बजाज व्ही मोटारसायकलच्या टाकीत येईल. वसमत रोडवर कदाचित तुमच्या शेजारूनच एखादी गेली असेल. काकाला यातलं काही सांगू नका. कामात आहे तो.

शेवटच्या पानावर एक फोटो सुटून आलाय. डिंकाच्या डागावर बोट ठेवा.

१९७२ चा उन्हाळा, परभणी स्टेशन. मनमाडला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यातून तो उतरतो. चेहरा रापलेला, खांद्यावर हीच पेटी, तेव्हा रंग ताजा. वडील घ्यायला आलेत, सोबत गल्लीतली चार माणसं. वडिलांचे केस काळेभोर बघून तुम्हाला क्षणभर काही सुचत नाही.

पेटी टांग्यात चढते. टांगेवाला मागं वळून विचारतो, "विमान चालवता म्हणे?"

काका वडिलांकडं बघतो. वडिलांनी गल्लीभर काय सांगून ठेवलंय ते त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलंय. त्याच्या डाव्या तळव्यावर वळाची पांढरी रेघ आहे, दोरीच्या जाडीची. ती मूठ तो हळूच मिटतो.

"चालवतोच की," तो म्हणतो. "आम्ही हलवल्याशिवाय जागचं हलत नाही."

टांगेवाला खूश होऊन घोड्याला चुचकारतो. गल्लीपर्यंत पोचेतो यातलं पहिलंच वाक्य शिल्लक राहतं.