बिनपगारी शिस्तीचा हिशेब

६ डिसेंबर म्हटले की आपल्याला १९९२ आठवते. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. याच तारखेचे एक जुने पान मात्र आपण विसरलो आहोत. ६ डिसेंबर १९४६ रोजी, दंगलींनी होरपळलेल्या याच मुंबईत होमगार्ड संघटना स्थापन झाली. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. दंगलीत पोलिसांच्या मदतीला सामान्य नागरिकानेच उभे राहावे, ही त्यामागची कल्पना. १९४७ च्या कायद्याने तिला आधार दिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राच्या सल्ल्याने राज्याराज्यांतील अशी स्वयंसेवी दले एका साच्यात आणली गेली.

या दलाची शिस्त कडक. बोलावणे आले की हजर व्हायचे. कर्तव्यावर असताना होमगार्डला पोलिसाचे अधिकार व कायद्याचे संरक्षण असते, पण हुकूम पोलीस अधिकाऱ्याचा. सबळ कारणाशिवाय हुकूम डावलला, तर दंड, निलंबन किंवा बडतर्फी. मोहरम असो वा गणेश विसर्जन, तो रस्त्यावर उभा. बंदोबस्त संपला की पुन्हा आपल्या पोटापाण्याच्या धंद्याला.

शिस्त पोलिसाची, पण पगार नाही की पेन्शन नाही. बोलावले तेवढ्याच दिवसांचा भत्ता. ११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : होमगार्ड स्वयंसेवकच आहेत, त्यांना नोकरीत कायम करता येणार नाही, मात्र तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका तरी भरला पाहिजे.

निकाल न्यायाचा होता, पण सरकारी तिजोरीने त्यातूनही वाट काढली. उत्तर प्रदेशात भत्ता वाढला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये खर्चाचे कारण सांगून सुमारे २५ हजार होमगार्डची ड्यूटी बंद करण्याचा आदेश निघाला. ओरड झाल्यावर कोणालाही काढणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. महाराष्ट्रात २०२४ साली दिवसाचा भत्ता ५७० वरून १०८३ रुपये झाला. पण कामाचे दिवसच घटले, तर वाढलेल्या दराने घरची चूल कशी पेटणार?

दंगलीत सर्वांत आधी हातावर पोट असलेला माणूस भरडला जातो. हे आपण सोसले आहे. शांतता राखायला उभा राहणाराही बहुधा तसाच माणूस असतो. त्याला स्वयंसेवक म्हणून गौरवायचे आणि त्याच नावाखाली त्याची मजुरी वाचवायची, हा हिशेब आपल्याला तरी मान्य होऊ नये.