घरगुती जलतरण तलावाची प्रथम भरणी
घरगुती जलतरण तलावाची प्रथम भरणी म्हणजे नव्याने बांधलेल्या तलावात पहिल्यांदा पाणी भरून ते पोहण्यायोग्य करण्याची प्रक्रिया होय. पांढरे सिमेंट व संगमरवराची भुकटी यांचा गिलावा केलेल्या तलावात ती विशेष नाजूक असते. कारण हा गिलावा पाण्याखालीच पक्का होतो व त्यास सुमारे २८ दिवस लागतात.

भरणी सुरू झाल्यावर मध्येच थांबवत नाहीत. थांबविल्यास पाण्याच्या पातळीची रेघ गिलाव्यावर कायमची उमटू शकते. ताज्या गिलाव्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात उतरते. त्यामुळे पाण्याचा सामू वाढत राहतो आणि तळाशी पांढरी पूड साचते. म्हणून पहिले काही आठवडे सामू रोज तपासून बेताने आम्ल घालतात आणि भिंती व तळ दिवसातून दोनदा ब्रशने घासतात. कंटाळवाणे म्हणून नेमके हेच काम टाळले जाते. मग पडलेले डाग सहजी निघत नाहीत.

पुढे सामू ७.२ ते ७.८ व मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राखतात. सामू ७.५ असता क्लोरीनचा जेमतेम निम्मा भाग प्रभावी जंतुनाशक रूपात असतो, ८ असता सुमारे पाव. सामूकडे दुर्लक्ष करून नुसते क्लोरीन ओतत राहणे म्हणूनच व्यर्थ ठरते. आम्ल व क्लोरीनची संयुगे मात्र कधीही एकत्र करू नयेत, जवळजवळ साठवूही नयेत. त्यांच्या संयोगातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दख्खनच्या पठारावर विंधन विहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते, त्यामुळे भरणीपूर्वी त्याची तपासणी इष्ट ठरते. पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवल्यास भूजलाच्या दाबाने त्याचे कवच तडकू अथवा वर उचलले जाऊ शकते.