शाकंभरीचा प्रसाद आणि अंबरपेठची भाजी

देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात शंभर वर्षांच्या अवर्षणाची कथा येते. पृथ्वीवर पाण्याचा थेंब उरला नाही, ऋषिमुनींनी देवीचा धावा केला आणि तिने शंभर नेत्रांनी त्यांच्याकडे कृपादृष्टीने पाहिले. पुढे पाऊस पडेपर्यंत आपल्या देहातून उगवलेल्या शाकभाज्यांवर तिने सारे जग पोसले, म्हणून ती शाकंभरी. या कथेतील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दुष्काळात देवीने धान्याची कोठारे उघडल्याचे पुराणकार सांगत नाही. तिने पाला, मुळे, फळे दिली असे सांगतो. संसाराचा अनुभव असलेल्यालाच हे सुचावे. पैशाची ओढ लागली की ताटातून प्रथम नाहीशी होते ती भाजी. जोंधळा किंवा तांदूळ कसाही आणला जातो, डाळ पातळ केली जाते. भाजीवाचून मात्र दिवस निभतो, आणि तो निभतो म्हणूनच तिचा अभाव कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

या न दिसणाऱ्या अभावाचा थोडासा इतिहास हैदराबादच्या अंबरपेठेच्या निमित्ताने आम्ही येथे मांडू इच्छितो. अंबरपेठ ही मुशी नदीच्या उत्तर तीरावरची वस्ती. तिच्या पश्चिमेस काचीगुडा आणि त्याच्याही पलीकडे सुलतान बाजार, म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर यांच्यासारख्यांच्या कर्तृत्वाने याच परिसरात मराठी माणसांचे सार्वजनिक जीवन उभे राहिले. विवेकवर्धिनी ही संस्था १९०७ सालची. कारकुनी, शिक्षकी, लहानसहान दुकानदारी यांवर जगणाऱ्या कुटुंबांना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काय शिजवावे हा प्रश्न ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल?

या प्रश्नाला जुन्या काळी मिळणारे उत्तर सर्वत्र जवळजवळ एकच होते : पाला. तेलंगणात माठाला तोटकूर म्हणतात आणि अंबाडीला पुंटिकूर. गोमंतकात तांबडी भाजी आणि पावसाळ्याच्या आरंभी उगवणारा तायखिळो यांचे तेच स्थान आहे. पाला स्वस्त का असतो याला कारण आहे. तो तीन-चार आठवड्यांत कापणीला येतो, थोड्या जागेत होतो आणि एका रात्रीत कोमेजतो. जे रात्रभर टिकत नाही ते दिवस मावळताना कमी दामात द्यावेच लागते. म्हणून ओढगस्तीच्या घरची गृहिणी सकाळी बाजारात जात नसे, दिवेलागणीला जाई. शिवाय मापाबाहेर वर टाकलेला मूठभर वाटा असे. तेलुगूत त्याला ‘कोसरु’ म्हणतात. अशा कोसरूतच पुष्कळ घरांची कढीलिंबाची आणि कोथिंबिरीची गरज भागत आली आहे.

परंतु हा सारा व्यवहार एका गोष्टीवर उभा होता. मळा जवळ हवा, आणि मळ्याला पाणी हवे. हे पाणी अंबरपेठच्या दाराशीच होते. मुशीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी शहरावर जो प्रलय आणला तो हैदराबाद अद्याप विसरलेले नाही. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून वरच्या अंगास उस्मानसागर १९२० साली आणि त्याच्या शेजारच्या ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. शहराला पिण्याचे पाणी मिळाले आणि पुराचे भय सरले. मात्र वरचे निर्मळ पाणी धरणात अडल्यामुळे खाली वाहणारी मुशी उत्तरोत्तर शहराच्या सांडपाण्यावर जगू लागली. हे पाणी बारमाही होते आणि खतासह फुकट होते. त्यावर शहराच्या आत दुभत्या जनावरांसाठी पॅरागवत आणि पूर्वेकडच्या गावांत पालेभाज्या व भात पिकू लागला. या शतकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासांत असे आढळले की, या शेतांत राबणाऱ्या स्त्रिया घरची भाजी त्यांतूनच नेत. शहराची घाण आणि गरिबाची स्वस्त भाजी यांची अशी गाठ पडली. ज्या पाण्याने पाला स्वस्त केला त्याच पाण्याने तो संशयास्पद केला. जुन्या तक्त्यात न मांडता येणारी ही किंमत आहे.

दुसरीकडे बाजार दूर जात होता. बाजारात शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघेही नागवले जाऊ नयेत ही चिंता आपल्या प्रदेशाला जुनी आहे. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे सुरू झाला, तो कापसाचा; आणि त्याचा हुकूम सुटला तो हैदराबादच्या रेसिडेन्सीकडून, कारण वऱ्हाड तेव्हा तिच्या देखरेखीखाली होते. खुद्द निजामाच्या राज्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३० साली झाला. फळांचा मोठा व्यापार पुढे मोअज्जम जाही मार्केटमध्ये चाले. १९३५ साली उभारलेली ती दगडी इमारत अंबरपेठहून फार दूर नाही. १९८६ च्या सुमारास हा फळबाजार मुशीपलीकडे गड्डीअन्नारम येथे गेला. तोही पूल ओलांडला की गाठता येई. २०२१ साली मात्र तो विजयवाडा रस्त्यावरील बाटसिंगारम येथे, शहराच्या बाहेर नेण्यात आला. गाड्यांची कोंडी पाहता प्रत्येक स्थलांतराला सबळ कारण होते. परंतु बाजार एक कोस दूर गेला की हातगाडीवाल्याचे भाडे वाढते, आणि ते भाडे शेवटी पावशेर भाजी घेणारीच भरते. जवळच्या सीताफळमंडीच्या नावात फळबाजाराची आठवण तेवढी राहिली आहे. दख्खनच्या टेकड्यांवर आपोआप वाढणारे सीताफळ आश्विन-कार्तिकात टोपल्यांतून दारोदार येई. गरिबाच्या मुलाला वर्षातून एकदा पोटभर मिळणारे ते फळ होते.

दूर गेलेला बाजार पुन्हा जवळ आणण्याचा एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने ‘रैतू बाजार’ सुरू केले. शेतकऱ्याने मधल्या दलालावाचून थेट विकावे, दिवसाचे दर फळ्यावर लिहावेत आणि ते घाऊक दराहून अधिक पण किरकोळ दराहून कमी असावेत, अशी ही योजना. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ निघाली होती. तमिळनाडूत १९९९ च्या अखेरीस ‘उळवर संदै’ आली. हैदराबादेत मेहदीपट्टणम, एर्रागड्डा, सरूरनगर येथील रैतू बाजार लोकांच्या अंगवळणी पडले आणि २०१४ साली तेलंगण वेगळे झाल्यावरही ही पद्धत टिकली. तिचा खरा लाभ भावापेक्षा फळ्याचा आहे, असे आम्हांस वाटते. दर लिहिलेला असला म्हणजे मोजके पैसे घेऊन आलेल्या बाईला भाव विचारण्याचा संकोच उरत नाही.

आता गरज किती, तेही पाहावे. योगायोग असा की, या गरजेचा हिशेब करणारी संस्था अंबरपेठच्या शेजारीच, उस्मानिया विद्यापीठापलीकडे तारनाक्यास आहे. १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा चौकशी केंद्राच्या रूपाने जन्मलेली ही संस्था १९५८ साली हैदराबादेत आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुपोषित मुलांच्या शरीरात पालेभाजीतील अ-जीवनसत्त्वाचा अंश कसा शोषला जातो यावरचे तिचे संशोधन १९७० साली प्रसिद्ध झाले. रातांधळेपणाने ग्रासलेल्या मुलांच्या देशात ते लाखमोलाचे होते. तिच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार एका माणसाला दिवसास सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे हवीत. पाच माणसांच्या घरात हे दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळे होतात, तेही रोज. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. तेव्हा मोलमजुरी करणाऱ्या किती घरांत हे प्रमाण साधले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्या धर्माचाराने या ऋतूची दखल फार पूर्वी घेतली आहे. चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यात शाकव्रत असते; आपल्या मठपरंपरांतून ते आजही निष्ठेने पाळले जाते. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, म्हणून परसातला अळू, माठ, सुरण, भोपळा एकत्र शिजतो. गोमंतकात गणपतीवर माटोळी बांधताना रानातली फळे-फुले जाणत्या हातांनी वेचून आणली जातात. या आचारांनी कोणता पाला खाण्याजोगा आहे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले. माठाची देठी, दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्या, कलिंगडाच्या सालीआतील पांढऱ्या गराचे पोळे ही आमच्या घरांची पक्वान्ने मुळात काटकसरीची अपत्ये आहेत. मात्र एक भेद विसरता कामा नये. ज्याला परवडते त्याने सोडले तर ते व्रत होय. ज्याला परवडत नाही त्याच्या ताटातून भाजी गेली तर त्याला व्रताचे पुण्य नाही, केवळ क्षीणता आहे.

म्हणून शाकंभरीच्या उत्सवाकडे नव्याने पाहावे असे आम्हांस वाटते. आपल्याकडे तिचे नवरात्र पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत, म्हणजे भाज्यांच्या सुगीत येते. तुळजापूरला ते थाटाने होते. तेलुगू प्रदेशात मात्र वरंगळची भद्रकाली आणि विजयवाड्याची कनकदुर्गा यांना भाज्यांचा शृंगार चढतो तो आषाढात, जेव्हा भाजी सर्वांत महाग असते. विजयवाड्यास त्या भाज्यांचा कदंबम् करून भक्तांना प्रसाद वाटतात. त्याच आषाढात अंबरपेठच्या महांकाळीला बोनालूचा नैवेद्य जातो. आमच्या देवळांनी पौषातल्या पूजेबरोबर आषाढातही एक दिवस असा नेमावा, देवीसमोर मांडलेली भाजी त्याच सायंकाळी गरजू घरांत कच्चीच पोचवावी आणि देवळाच्या आवारात शेवगा, कढीलिंब, मायाळू लावावा. यात खर्च थोडा आणि शास्त्राला बाध काहीच नाही.

परंतु देवळाच्या आवारात सगळ्या पेठेची भाजी पिकणार नाही. त्यासाठी नदी हवी. अंबरपेठ येथे दिवसाला सुमारे ३३ कोटी ९० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र आहे, आणि कचऱ्याखाली गाडला गेलेला तेथील बतुकम्मा कुंटा २०२५ साली खणून पुन्हा पाण्याने भरला गेला. बुजलेले पाणी परत आणता येते, हे त्याने दाखविले. मुशी निर्मळ करण्याची चर्चा बहुधा शहराच्या शोभेच्या अंगाने होते. आम्ही ती माठाच्या जुडीच्या अंगाने करू. काठावरचा पाला निःशंक मनाने देवापुढे ठेवता येईल आणि त्याच भावात गरिबाच्या ताटात पडेल, त्या दिवशी शाकंभरीची कथा मुशीच्या तीरावर पुरी झाली असे म्हणता येईल.