गोवा

गोवा : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील, क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान घटक राज्य. क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. लोकसंख्या १४,५८,५४५ (२०११). उत्तरेस महाराष्ट्र, पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटक आणि पश्चिमेस अरबी समुद्र. राजधानी पणजी. हवामान उष्ण व दमट असून मांडवी व जुवारी या प्रमुख नद्या होत. पर्यटकांना परिचित असलेला गोवा हा बव्हंशी किनारपट्टीचा आहे. राज्याचा इतिहास मात्र अंतर्भाग विचारात घेतल्याखेरीज उलगडत नाही.

कदंबांनी प्रथम चंद्रपूर (चांदोर) व नंतर गोपकपट्टण येथून राज्य केले. पुढे बहमनी, विजयानगर व आदिलशाही सत्तांनंतर २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशहाकडून तिसवाडी घेतली. १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी हे प्रदेशही पोर्तुगीजांकडे आले. या ‘जुन्या काबिजादीं’त देवळे पाडण्यात आली, धर्मांतरे झाली व १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा इ. दैवते तेव्हा आदिलशाहीतील फोंडा भागात हलविण्यात आली. फोंडा, डिचोली, पेडणे इ. ‘नव्या काबिजादी’ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती आल्या, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. परिणामी एकाच राजवटीखाली दोन भिन्न समाजजीवने नांदली.

भारतीय सैन्याच्या कारवाईने १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न उभा राहिला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा, तर जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधाचा पुरस्कर्ता होता. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. फूल ही विलीनीकरणाची, तर दोन पाने ही केंद्रशासित प्रदेशाची निशाणी होती. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. सासष्टीने विलीनीकरण जोरदारपणे नाकारले; पेडणे, डिचोली, फोंडा यांनी त्याला पाठिंबा दिला. जुन्या व नव्या काबिजादींची सीमा येथे पुन्हा दिसते. तथापि केवळ धर्मभेदाने या निकालाचा उलगडा होत नाही. अनेक हिंदू कोकणीवाद्यांनीही विलीनीकरणास विरोध केला होता. शिवाय त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरण नको, पण कूळकायदा व गावोगावच्या मराठी शाळा हव्यात, अशी मतदारांच्या एका भागाची भूमिका असावी.

भाषेचा वाद त्यानंतरही धुमसत राहिला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे पंचविसावे घटक राज्य बनले. दमण व दीव वेगळे होऊन केंद्रशासित राहिले.